शेवंती वळून बघायची

संपादकांचं पत्र आलं. "बाई, तुमच्या धंद्यातले चार मजेदार प्रसंग लिहून द्या, दिवाळी आहे, हलकंफुलकं हवं." आता माझा धंदा म्हणजे ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवणं. त्यात मजा नसते असं नाही. ठाण्याचा एक नवरदेव लग्नाच्या आठ दिवस आधी माझ्याकडे आला होता. बोलताना अडखळायचा. "बाई, बाकी काही नको. फक्त नाव घेताना अडकायला नको." बायकोचं नाव कमळ. 'क'पाशी आला की बिचाऱ्याला घाम फुटायचा. अडखळणारी माणसं गाताना सहसा अडत नाहीत, म्हणून मी त्याला उखाणा चालीवर म्हणायला शिकवला. भर मांडवात त्याने असा काही सूर लावला की सासरेबुवा म्हणाले, "जावई गवई आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही!" झालं तुमचं हलकंफुलकं. आता मला जे लिहायचंय ते लिहिते. छापायचं नसेल तर कागद परत पाठवा, माझ्याकडे दुसरी प्रत नाही.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही कल्याणला बाजारामागच्या एका चाळीत राहायचो, माडीवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात हजेरी कारकून. घरात खाणारी तोंडं सहा आणि पगार एक. मी मॅट्रिक झाले आणि शाळेत बदली शिक्षिका म्हणून लागले. बदली म्हणजे कोणी बाळंतपणाला गेली की मी, ती परत आली की मी घरी. एकोणीस वर्षांची होते, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आमच्या जिन्याच्या तोंडाशी हौसाबाई भाजीची पाटी घेऊन बसायची. खाडीकडच्या गावातली आगरीण, उंच, खणखणीत आवाजाची, लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणणारी. नवरा वारलेला. तिच्याजवळ पाच वर्षांची मुलगी बसलेली असायची, शेवंती. डोळे असे तरतरीत की बघत राहावं, पण तोंडातून एक शब्द नाही. दुपारी शाळा सुटली की मी शेवंतीला वर घेऊन जायला लागले. मला मुलं आवडायची, आणि खरं सांगायचं तर, जे कोणाला जमलं नाही ते आपण करून दाखवावं अशी खुमखुमीही होती.

कल्याणला एक कानाचे डॉक्टर होते. शेवंतीबद्दल विचारायला गेले तेव्हा त्यांनी मला एक पातळसं इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं की न बोलणाऱ्या मुलाचं तोंड बघण्याआधी कान बघा. ही गोष्ट आजही लोकांना पटवावी लागते. मूल बोलत नाही तेव्हा जीभ बहुतेक वेळा धडधाकट असते. त्याने बोलणं कधी ऐकलेलंच नसतं, मग ते बोलणार काय? म्हणून आधी मुलाच्या पाठीमागे उभं राहून हाक मारायची. वळलं तर ऐकू येतं, नाही वळलं तर येत नाही.

मी शेवंतीला खोलीत चटईवर बसवलं, हातात लाकडी बाहुली दिली आणि पाठीमागून दारातून हाक मारली, "शेवंते!" ती झटकन वळली. दुसऱ्या दिवशी परत मारली, परत वळली. काय आनंद झाला मला! तशीच जिना उतरून खाली धावले. "हौसाबाई, तुमच्या मुलीला ऐकू येतं. कान चांगले आहेत तिचे!"

हौसाबाईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पन बाय, घरान ती वलत नाय. कवऱ्या पन हाका मारल्या तरी."

"घरी तुम्ही लाडावून ठेवलीय," मी म्हणाले. "हट्टी झालीय ती. माझ्याकडे शिस्त आहे, म्हणून वळते."

एकोणीस वर्षांची पोर एका आईला हे सांगत होती. आज आठवलं की कानशिलं तापतात.

पुढचं याहून वाईट आहे. त्याच डॉक्टरांनी शेवंतीसाठी ठाण्याच्या बहिऱ्या-मुक्या मुलांच्या शाळेला चिठ्ठी दिली होती. तलावाजवळच्या एका जुन्या बंगल्यात ही शाळा होती. मुलांनी तिथेच राहायचं, खायचं, शिकायचं. जूनमध्ये एक जागा रिकामी होती. हौसाबाई चिठ्ठी घेऊन वर आली. "बाय, ठेवू का तिकरं पोरीला?" मी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "ऐकणारी मुलगी बहिऱ्यांत कशाला टाकता? तिथे जाऊन ती खुणा करायला शिकेल. मी आहे ना." हौसाबाईने चिठ्ठी घडी करून कनवटीला खोचली आणि खाली जाऊन पुन्हा पाटीपाशी बसली.

वर्षभर मी शेवंतीला शिकवलं. कागदाची पट्टी ओठांसमोर धरून 'प' म्हटलं की पट्टी उडते, हे तिला फार आवडायचं. 'म' म्हणताना माझ्या नाकावर बोट ठेवायचं आणि मग स्वतःच्या, दोन्हीकडे सारखंच गुणगुणलं पाहिजे. ती पापा, मामा, बाबा म्हणायला लागली. आवाज चिरका होता, पण शब्द होते. चाळीतल्या बायका दारात येऊन बघायच्या आणि माझी मान ताठ व्हायची.

तेव्हाच मी ठरवलं की जन्मभर हेच काम करायचं. डॉक्टरांना विचारलं, तर ते हसले. "याची पदवी विलायतेत किंवा अमेरिकेत मिळते, पोरी. बोटीचं भाडं आहे का अण्णांकडे?" अण्णांकडे तेव्हा नवीन चपलेचे पैसे नव्हते. मग त्यांनीच सांगितलं की ठाण्याच्या त्या शाळेत शिक्षक तयार करण्याचा एक वर्षाचा वर्ग चालतो. फी आम्हाला झेपण्यासारखी नव्हती, पण दरवर्षी एक जागा फुकट होती. ती कोणाला द्यायची ते शाळेच्या मुख्य रेगेबाई ठरवायच्या. आधी अशा एखाद्या मुलावर काम केलेलं असेल तर मूल सोबत घेऊन या, असं अर्जाच्या खाली छापलेलं होतं. मला वाटलं, हे माझ्यासाठीच छापलंय. मी अर्जात ठसठशीत अक्षरात लिहिलं, "मुलीस ऐकू येते. एका वर्षात तीन शब्द शिकविले."

इकडे ठाण्याचे मामा, आईचे भाऊ, कचेरीत नोकरीला. त्यांनी परस्पर खटपट करून मला सरकारी अध्यापन वर्गात जागा मिळवून दिली होती. तिथे शिकतानाच विद्यावेतन, पुढे कायमची नोकरी. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाही झालं तर जागा दुसऱ्याला. आणि रेगेबाईंची मुलाखत त्याआधी, शनिवारी.

मामा घरी येऊन गरजले, "मुक्यांची मास्तरीण व्हायचंय हिला! अहो, उद्या स्थळ बघायला आलं तर काय सांगणार? आणि ती जागा नाही मिळाली म्हणजे?"

अण्णा कमी बोलायचे. ते एवढंच म्हणाले, "कुसुम, शनिवारी ठाण्याहून काय ते ठरवूनच घरी ये. दोन्ही डगरींवर पाय ठेवायला आपल्याला परवडत नाही."

शनिवारी मी, हौसाबाई आणि शेवंती ठाण्याला गेलो. हौसाबाईने त्या दिवशी पाटी लावली नाही. शेवंतीला नवं पोलकं घातलं होतं, केसात अबोलीचा गजरा. आधी एक मुलगी आत जाऊन आली, ठाण्याच्याच एका शिक्षकाची, चष्मेवाली. तिच्याबरोबर कोणी मूल नव्हतं. मी मनात म्हटलं, गेली ही.

रेगेबाई म्हणजे पांढऱ्या पातळातली बुटकी, साठीची बाई. आवाज अगदी हळू. खोली मोठी, खाली शहाबादी फरशी, एका बाजूला शिकवण्यासाठी लाकडी फलाटासारखं उंच व्यासपीठ. त्यांनी माझा अर्ज वाचला, शेवंतीला फरशीवर बसवलं, समोर रंगीत मणी आणि दोरा ठेवला आणि मला म्हणाल्या, "मारा हाक."

मी मागे उभी राहिले आणि नेहमीसारखी हाक मारली. "शेवंते!"

शेवंती मणी ओवत राहिली.

"नवी जागा आहे," मी म्हणाले. "बुजलीय."

"मारा की परत."

मी मारली, जोरात. तिने मान सुद्धा हलवली नाही. तिसऱ्यांदा मारली तेव्हा माझाच आवाज फाटला. बाहेर व्हरांड्यातली चष्मेवाली मुलगी दारातून डोकावली, पण शेवंतीच्या पाठीला खबर नाही. मुक्यांना बोलतं करायला निघालेली मी, माझीच बोबडी वळली. भिंतीपाशी उभ्या हौसाबाईकडे बघायचा मला धीर होईना.

रेगेबाईंनी विचारलं, "घरी कुठे शिकवता हिला? जमीन कसली आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. "माडीवर. लाकडी फळ्यांची आहे."

त्या उठल्या. शेवंतीला उचलून त्यांनी व्यासपीठावर बसवलं, दाराकडे पाठ करून. मग स्वतः तिच्या मागे लांब, त्याच व्यासपीठाच्या टोकाला उभ्या राहिल्या. तोंड घट्ट मिटलेलं. आणि आवाज न करता, नुसता टाचेवर भार देऊन त्यांनी फळी जराशी दाबली.

शेवंती झटकन वळली. ओळखीचा खेळ सापडल्यासारखी खुदकन हसली.

माझं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. वर्गात मुलांना हाक मारताना पाय आपटायची मला सवय होती. शाळेत सगळ्याच बाई करायच्या. चाळीत दारातून हाक मारताना माझी टाच फळीवर आपटायची, फळी चटईखालपर्यंत हलायची आणि शेवंती वळायची. हौसाबाईच्या घरी शेणाने सारवलेली जमीन. ती हलणार कशी? म्हणून ती घरी वळत नव्हती. आणि मी त्या बाईला म्हणाले होते की तुम्ही लाडावून ठेवलीय.

"शब्द कुठले शिकवलेत?" रेगेबाईंनी विचारलं.

"पापा, मामा, बाबा."

"सगळे ओठांवरचे. ते डोळ्यांनी दिसतात. काका म्हणते का? गाय?"

मी मान हलवली. 'क' आणि 'ग' घशाजवळ होतात, समोरच्याला दिसत नाहीत. 'क' बसेना म्हणून मीच तो नंतर शिकवू म्हणून बाजूला ठेवला होता.

"ठीक आहे. नवशिक्यांकडून होतं असं," रेगेबाई म्हणाल्या, आणि मला हायसं वाटलं. मग त्यांनी कागद पुढे ओढला. "पण हिच्या आईला तुम्ही केव्हापासून सांगताय की ऐकू येतं? त्यावर आईने काही निर्णय घेतला का?"

खोलीत आम्ही चौघीच. शेवंतीला ऐकू येत नव्हतं. हौसाबाईला आमची पुस्तकी भाषा निम्मी कळायची. 'हल्लीच सांगितलं, महिनाभर झाला' म्हटलं असतं तर खपलं असतं. सोमवार डोळ्यांसमोर होता, अण्णांचं वाक्य कानात होतं. रेगेबाई वाट बघत होत्या. लोक बोलेपर्यंत वाट बघणं हाच त्यांचा धंदा.

"वर्ष झालं," मी म्हणाले. "गेल्या जूनमध्ये हिला इथे जागा मिळत होती. चिठ्ठी होती. मीच नको म्हटलं."

रेगेबाईंनी पेन खाली ठेवलं. शेवंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "या वयातलं एक वर्ष म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हाला?" रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आवाज तितकाच हळू होता. "जिभेने आणि कानाने शिकायचं वय असतं हे. पुढे दहा वर्षं घासलं तरी ते वर्ष परत मिळत नाही."

मी तिथेच रडले. अगदी नाक पुसत, लाज सोडून रडले. हौसाबाई पुढे आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिचा हात पाठीवर पडल्यावर तर मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

फुकट जागा चष्मेवाल्या मुलीला मिळाली. रेगेबाईंनी ते तिथेच सांगितलं, पोस्टाची वाट बघायला लावली नाही. शेवंतीला त्यांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. मग मला म्हणाल्या, "वसतिगृहात मुलींची वेणीफणी, आंघोळी बघायला बाई हवीय. राहणं-जेवण इथे, वर हातखर्चाला थोडं. काम उरकून वर्गात मागे बसलात तर मी उठवणार नाही. परीक्षा दोन वर्षांनी देऊ देईन. आणि मला फसवलंत तर मात्र त्याच दिवशी बाहेर. विचार करायला वेळ हवा का?"

सोमवारचं विद्यावेतन एकीकडे आणि उवा काढण्याची नोकरी दुसरीकडे. परवडणारं शिक्षण म्हणतात ते मला या रूपात भेटलं. मी शेवंतीकडे बघितलं. ती व्यासपीठावर उड्या मारून फळी हलवत होती आणि कोण वळतंय का ते बघत होती.

"वेळ नको," मी म्हणाले.

परतताना कल्याणला उतरलो तेव्हा हौसाबाईच्या कडेवर मूल नव्हतं, म्हणून तिला चालताच येईना. सारखी कमरेवर हात न्यायची. स्टेशनच्या पुलाच्या पायरीवर ती बसली. मी म्हणाले, "हौसाबाई, मला चार शिव्या द्या. माझं चुकलं."

"मना ठाव व्हता, बाय," ती म्हणाली.

"काय?"

"आयकू नाय येत तिला. हंडा परला व्हता घरान, पानी भरलेला. सगली आली धावत शेजारपाजारची. ती पाठमोरी बसलेली, हालली पन नाय. मी डोल्यांनी बघितला."

"मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितला की. तू बोललीस लाडावलीय." तिने पदराने तोंड पुसलं. "तू शिकलेली. तू बोलतंस आयकू येतं, तं मी बोलले, माजाच कायतरी चुकत आसल."

घरी मामा आले होते. ते आठ दिवस माझ्याशी आणि त्यानंतर दोन वर्षं अण्णांशी बोलले नाहीत. अण्णांनी मात्र सोमवारी रजा काढून माझी ट्रंक स्वतः ठाण्याला पोचवली.

दोन वर्षं मी पोरींच्या वेण्या घातल्या आणि मागच्या बाकावर बसून शिकले. पुढे माझ्या हाती प्रमाणपत्र आलं, त्याच शाळेत नोकरी लागली, ती जन्मभर पुरली. ठाणे, कल्याण, डोंबिवली मिळून किती मुलं हाताखालून गेली ते मोजलं नाही. पण एकाही मुलाचा कान मी फळीवर उभी राहून तपासला नाही. चप्पल काढून, मुलाखाली गोधडी घालून, मगच हाक मारते. आणि मुलाला हात लावायच्या आधी आईला विचारते, "तुम्हाला काय वाटतं, ऐकू येतं का?" मग गप्प बसते. आया सुरुवातीला म्हणतात, आम्हाला काय कळतंय, तुम्हीच सांगा. तरी मी गप्प बसते. थोड्या वेळाने त्या सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं.

शेवंतीचं सांगायचं राहिलं. 'क' तिला यायला तीन वर्षं लागली. चमच्याच्या दांडीने जिभेचं टोक दाबून धरायचं, माझा हात तिच्या गळ्यावर आणि तिचा माझ्या. रोज सकाळी वर्ग भरण्याआधी वीस वेळा. आला तेव्हा तो अर्धवटच आला, 'ग' तर कधीच धड आला नाही. तिच्या घरची माणसं तिचं बोलणं समजतात. बाजारातलं परकं माणूस गोंधळतं, मग ती बोटांनी दाखवते. तिच्याबरोबरच्या, चार वर्षांच्या वयात शाळेत आलेल्या एका मुलीचं बोलणं मात्र रस्त्यावरच्या कोणालाही कळायचं. ते मला रोज ऐकू यायचं. वर्गात दोघी शेजारी बसायच्या.

शेवंती दहा-अकराची असेल. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला कल्याणला आईकडे सोडायला गेले. हौसाबाई जिन्याच्या तोंडाशी तशीच बसलेली, पाटीत भेंडी आणि लाल माठ. शेवंतीने जाऊन पाटीला हात लावला आणि म्हणाली, "आई, भूक." 'क' जरा घोगरा आला, पण आला. हौसाबाईने तिला जवळ ओढलं, भाकरी काढून दिली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत माझ्याकडे न बघता विचारलं, "बाय, येक इचारू? ता येक वरीस आधी तिला नेली आसती, तं आजून बरी बोलली आसती का गो?"

रेगेबाईंसमोर मी जागा गमावून खरं बोलले होते. उत्तर मला ठाऊक होतं, रोज वर्गात माझ्या कानांवर पडत होतं. हौसाबाई शेवंतीच्या केसातला गुंता सोडवत थांबली होती.

"नाही हो," मी म्हणाले. "काही फरक पडला नसता."

तिने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मग पाटीतली माठाची ताजी जुडी उचलून तिने माझ्या पिशवीत घातली, आणि मी नको नको म्हणत असताना म्हणाली, "तू शिकलेली. तू बोलतंस तं खराच आसल."